विचारलंच नाही कोणी

१४ मे २०१३ रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये अँजेलिना जोलीचा लेख छापून आला आणि ‘ब्रॅका’ हे जनुकाचं नाव जगभर घराघरांत पोचलं. आई ५६व्या वर्षी कॅन्सरने गेली, आपल्यातही ब्रॅका-१ या जनुकात बिघाड निघाला, म्हणून आपण दोन्ही स्तन काढून घेतले, असं तिने लिहिलं होतं. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. त्याच लेखात तिने हा बिघाड शोधणाऱ्या चाचणीच्या खर्चाचाही उल्लेख केला होता. अमेरिकेत हा खर्च ३,००० डॉलरहून जास्त आहे आणि तो कित्येक बायकांच्या आड येतो, असं ती म्हणत होती. मी शिकागोत कॅन्सरच्या जनुकीय समुपदेशनाचं काम करते, म्हणजे वंशपरंपरेने येणारा धोका आणि त्याची चाचणी लोकांना समजावून सांगते. माझ्याकडे येणाऱ्या, आणि त्याहून जास्त म्हणजे माझ्यापर्यंत कधीच न पोचणाऱ्या बायका त्या वाक्यात आहेत.

खर्च एवढा का होता, ते थोडक्यात सांगते. स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं. १९९४ मध्ये ब्रॅका-१ नेमकं हाती लागलं, पुढच्या वर्षी ब्रॅका-२. या जनुकांची पेटंटं युटामधल्या मिरियड जेनेटिक्स या कंपनीकडे गेली आणि अमेरिकेत चाचणी करायची तर या एकाच दारात जावं लागे. २००९ मध्ये ज्यांनी या पेटंटांविरुद्ध दावा लावला, त्यांत मॅसॅच्युसेट्समधली एक कॅन्सर झालेली आई होती. तिच्याकडे मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी विमा होता आणि कंपनी तो घेत नव्हती. जोलीच्या लेखाला महिना व्हायच्या आत, १३ जून २०१३ रोजी, सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की निसर्गात आहे तसा डीएनए कोणाच्याही पेटंटखाली येऊ शकत नाही. त्याच दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळांनी आपल्या स्वस्त चाचण्या जाहीर केल्या. आज डझनावारी जनुकं एकदम तपासणारी चाचणी स्वतःच्या खिशातून केली तरी २५० डॉलरच्या आसपास होते. विमा असला आणि निकषांत बसत असलात, तर बऱ्याचदा तेवढेही लागत नाहीत.

किंमत उतरली म्हणजे प्रश्न सुटला, असं मलाही या क्षेत्रात येताना सांगितलं गेलं होतं. आकडे तसं म्हणत नाहीत. कॅलिफोर्निया आणि जॉर्जिया या दोन राज्यांत २०१३ ते २०१९ या काळात कॅन्सरचं निदान झालेल्या १३ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वंशपरंपरेने आलेला बिघाड शोधणारी चाचणी त्यांतल्या फक्त ६.८ टक्के लोकांची झाली होती. स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर वेगळा काढून पाहिला, तर गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण ३१ टक्के निघालं आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो व आशियाई रुग्णांत २५च्या आसपास. म्हणजे कोणाचंच नीट चाललेलं नाही, आणि काहींचं त्याहून वाईट चाललं आहे. फ्लोरिडातला अभ्यास मला जास्त बोचतो, कारण तो पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांचा होता. त्या वयात कॅन्सर झाला एवढ्यावरच चाचणीची गोष्ट निघायला हवी. गोऱ्या बायकांपैकी ६५ टक्के, लॅटिना बायकांपैकी ६२ टक्के जणींची चाचणी झाली होती. कृष्णवर्णीय बायकांपैकी ३६ टक्के.

आता कोणी म्हणेल, त्यांच्यात हा बिघाडच कमी आढळत असेल. तसं नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत स्तनाचा कॅन्सर झालेल्या कृष्णवर्णीय बायकांत असे बिघाड ५.६५ टक्के आणि गोऱ्या बायकांत ५.०६ टक्के आढळले, म्हणजे फरक नाहीच. तरुण वयात कॅन्सर झालेल्या, घराण्यात कॅन्सर असलेल्या बायका निवडून पाहिल्या, तर आकडा पुष्कळ वर जातो. शिकागोच्या साउथ साइडला, म्हणजे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या भागात, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोमध्ये डॉ. ओलुफुनमिलायो ओलोपाडे अनेक वर्षं हे काम करत आल्या आहेत. त्या मूळच्या नायजेरियाच्या. त्यांच्याकडच्या २८९ कृष्णवर्णीय रुग्णांच्या अभ्यासात २२ टक्के जणींत वंशपरंपरेने आलेला बिघाड सापडला. दर पाच जणींमागे एक. आणि या देशात कृष्णवर्णीय बायकांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्या बायकांपेक्षा किंचित कमीच होतो, पण त्याने मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. ज्यांना आधी सावध करायला हवं होतं, त्यांच्यापर्यंत आपण सगळ्यात शेवटी जातो.

माझ्या टेबलाशी हे कसं दिसतं, ते सांगते. तपशील एवढे बदलले आहेत की कोणाची ओळख पटू नये.

आमचं काम कागदावर घराण्याचा आराखडा काढण्यापासून सुरू होतं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कॅन्सर झालेल्याची आकृती काळी भरायची, बाजूला तेव्हाचं वय लिहायचं. साठी उलटलेली एक बाई समोर बसली होती. चर्चमध्ये तिला सगळे ‘मदर’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. जन्म मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळचा. लहानपणी आईबरोबर इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोला आली, जशी त्या काळात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय माणसं आली. तिला ४७व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, तोही ‘ट्रिपल निगेटिव्ह’ जातीचा, म्हणजे हार्मोनवरची औषधं लागू न पडणारा. हा प्रकार कृष्णवर्णीय बायकांत गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो, आणि ब्रॅका-१ मधल्या बिघाडाशी त्याचं जवळचं नातं आहे. केमो झाली, ऑपरेशन झालं, ती तगली. त्यानंतर दर वर्षी न चुकता तपासणीला जात राहिली. माझ्याकडे आली ती स्वतःसाठी नव्हेच. तिच्या मुलीला गाठ लागली होती आणि मुलीच्या सर्जनने घराण्याची चौकशी केली होती.

आजीच्या रांगेशी पोचलो आणि माझं पेन थांबलं.

‘आजी कशाने गेली?’

‘पोटाच्या दुखण्याने. पोट फुगलं होतं. डॉक्टर कुठला, बेबी? मळ्यावर राहायची ती.’

‘आणि तिच्या बहिणी?’

‘एक होती. लहान असताना दुसऱ्या काउंटीत गेली. पुढचं ठाऊक नाही.’

पोट फुगून गेलेली बाई अंडाशयाच्या कॅन्सरने गेलेली असू शकते. मी वर्तुळ काढलं, तिरकी रेघ मारली, बाजूला प्रश्नचिन्ह घातलं. त्या कागदावर प्रश्नचिन्हंच जास्त झाली. चाचणीचे आपले निकष वर्षानुवर्षं घराण्याच्या इतिहासावर उभे आहेत. जवळच्या नात्यात किती जणांना, कुठल्या वयात, कुठला कॅन्सर झाला, हे सांगता आलं पाहिजे. पण हा इतिहास सांगता येण्यासाठी तुमच्या आजीला डॉक्टर मिळालेला असावा लागतो, तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर खरं कारण लिहिलेलं असावं लागतं, कुटुंब एकत्र राहिलेलं असावं लागतं. गुलामगिरीत ज्यांची लेकरं विकली गेली, ज्यांच्यासाठी दवाखान्याचं दार वेगळं होतं, त्यांच्या पणतीकडे आपण तीन पिढ्यांचा तक्ता मागतो आणि तो रिकामा निघाला की ‘घराण्यात काही नाही’ अशी नोंद करतो. माहीत नसणं आणि नसणं यांत आपले फॉर्म फरक करत नाहीत.

कागद बाजूला ठेवून मी तिला विचारलं की ४७व्या वर्षी किंवा नंतर कधी कोणी थुंकीच्या नमुन्यावर होणाऱ्या या चाचणीचं नाव काढलं होतं का. तिने जरा आठवून पाहिलं. मग म्हणाली, ‘विचारलंच नाही कोणी.’ मी म्हटलं, विचारलं असतं तर? ‘मग केली असती ना. एवढं छातीचं काढलं, थुंकी द्यायला काय जात होतं?’

या बाबतीत मला जे म्हणायचं आहे, ते या उत्तरात आलं. आमच्या क्षेत्रात परिषदा होतात, त्यांत एक शब्द फार सैलपणे वापरला जातो: अविश्वास. कृष्णवर्णीय लोक डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाहीत, लॅटिनो लोक घाबरतात, म्हणून चाचण्या होत नाहीत, असं एखाद्या स्लाइडवर लिहून वक्ता पुढे सरकतो. फिलाडेल्फियात झालेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या बायकांतल्या कोण समुपदेशनापर्यंत पोचल्या, हे त्यात पाहिलं होतं. कृष्णवर्णीय बायका फारच कमी पोचल्या होत्या. उत्पन्न, शिक्षण, कॅन्सरची धास्ती, चाचणीबद्दलची मतं, सगळं हिशोबात धरूनही तो फरक मिटला नाही. पुढे पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडात कॅन्सर झालेल्या बायकांना विचारलं गेलं, तेव्हा कृष्णवर्णीय बायकांना डॉक्टरने चाचणी सुचवण्याचं प्रमाणच कमी निघालं, धोका तेवढाच असूनही. रुग्णाच्या मनातला अविश्वास मोजायला आपण प्रश्नावल्या काढतो. डॉक्टरच्या तोंडून न निघालेलं वाक्य मोजायला मात्र फारसं कोणी बसत नाही.

भीती नाहीच, असं मी म्हणत नाही. तिला कारणं आहेत आणि ती सांगताना माझ्यासमोरची माणसं कोणतीही अतिशयोक्ती करत नसतात. टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसतं पाहत राहिले, हे पुष्कळांना माहीत असतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रकरण कमी जणांना माहीत आहे, आणि माझ्या मते जनुकीय चाचणीशी त्याचा संबंध जास्त जवळचा आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी कृष्णवर्णीय मुलांची सिकलसेल तपासणी सक्तीची केली. आजार असणं आणि नुसतं वाहक असणं यांतला भेद धड कोणी समजावला नाही. ठणठणीत वाहकांच्या नोकऱ्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. एअर फोर्स अकादमीने वाहक तरुणांना १९८१ पर्यंत प्रवेश दिला नाही. म्हणजे या समाजाची जनुकीय चाचणीशी पहिली मोठी गाठ पडली ती अशी. तेव्हा एखादी आई जेव्हा विचारते, ‘याचा रिपोर्ट माझ्या मुलीच्या नोकरीवर जाईल का?’ तेव्हा तिला सरळ उत्तर मिळायला हवं. २००८च्या कायद्यानुसार आरोग्य विमा कंपनी आणि नोकरी देणारा यांना जनुकीय माहितीवरून भेदभाव करता येत नाही. आयुर्विमा मात्र या कायद्यात येत नाही. हे मी आधी सांगते, आणि आयुर्विमा घ्यायचा विचार असेल तर चाचणीच्या आधी घ्या, असंही सांगते. एवढं स्पष्ट बोललं की बहुतेक जणी सहीसाठी पेन मागतात.

लॅटिना बायकांच्या बाबतीत हीच जखम दुसऱ्या जागी आहे. लॉस एंजेलिसच्या काउंटी हॉस्पिटलात बाळंतकळा येत असताना मेक्सिकन बायकांपुढे इंग्रजीतले कागद सरकवून त्यांची नसबंदी केली गेली. दहा जणींनी कोर्टात दाद मागितली. १९७८ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पोर्तो रिकोत तर १९६५च्या पाहणीत २० ते ४९ वयाच्या मातांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींची नसबंदी झालेली आढळली होती. आता मी शिकागोतल्या पिल्सन किंवा ला व्हियिता या मेक्सिकन वस्त्यांतल्या ३९ वर्षांच्या बाईपुढे बसून सांगते की तुमच्या ब्रॅका-१ मध्ये बिघाड आहे, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका ऐंशीव्या वर्षापर्यंत सुमारे ४४ टक्के आहे, एरवी तो एक-सव्वा टक्का असतो, आणि अंडाशय व गर्भनलिका काढून टाकणं हाच त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय आहे. वैद्यकीयदृष्ट्या यात एकही शब्द चुकीचा नाही. तरी एका सरकारी विम्याच्या दवाखान्यात एक परकी बाई तिला गर्भाशयाजवळचं काही काढून टाका म्हणते आहे, हे तिच्या बाजूने कसं ऐकू येत असेल, याचा विचार केल्याशिवाय ते वाक्य बोलू नये.

अशा एका भेटीत दुभाषी फोनवर होता. स्पीकरमधून त्याचा आवाज तुटत होता. बाईची सतरा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती, आणि दोनदा आवाज गेल्यावर तिनेच पुढचं वाक्य उचललं. आईला सांगता सांगता ती मध्येच थांबली, माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, ‘मिस, म्हणजे माझ्यातपण असू शकतं?’ पन्नास टक्के. आईला तिचा प्रश्न कळला नव्हता, पण चेहरा कळला होता. मी फोन बंद केला, भेट तिथेच थांबवली आणि दोन दिवसांनी प्रत्यक्ष दुभाषी बोलावून पुन्हा बसले. मुलीला तेव्हा बाहेर बसवलं, आणि तिच्याशी नंतर वेगळं बोलले. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांना दुभाषी देणं बंधनकारक आहे. पण तो कोणत्या दर्जाचा, समोर बसून की खरखरत्या फोनवर, हे बहुतेक ठिकाणी बजेट ठरवतं.

चाचणी झाली तरी ती सगळ्यांना सारखं उत्तर देत नाही. मेक्सिकन वंशाच्या लोकांत ब्रॅका-१ मधला एक बिघाड वारंवार आढळतो. त्यात जनुकाचे नऊ ते बारा हे तुकडे सलग गायब असतात. जुन्या पद्धतीची चाचणी जनुक अक्षर-अक्षर वाचत जायची. दोन प्रतींपैकी एकीतला एवढा मोठा तुकडाच नसेल, तर दुसरी प्रत वाचून ती ‘सर्व ठीक’ म्हणायची. कॅलिफोर्नियातल्या ‘सिटी ऑफ होप’मध्ये डॉ. जेफ्री वाइट्झेल यांनी हा बिघाड शोधून तो मेक्सिकन मूळपुरुषाकडून आलेला असल्याचं दाखवलं. २००६ मध्ये मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने व्यापारी चाचणीत निर्दोष ठरलेली ३०० घराणी पुन्हा तपासली. सगळी कॅन्सरने पोळलेली. त्यांतल्या १२ टक्के घराण्यांत असे मोठे तुकडे गायब किंवा दुप्पट झालेले निघाले. हे शोधणारी जोड-चाचणी नंतर आली, पण पुष्कळ दिवस तिचे पैसे वेगळे द्यावे लागत. ज्यांना तिची गरज जास्त, त्यांच्याकडे पैसे कमी. म्हणून १५-२० वर्षांपूर्वीचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट घेऊन कोणी लॅटिना बाई आली की मी तो आधी पाहते आणि बहुतेक वेळा चाचणी पुन्हा करायला सांगते.

एक गोष्ट मूळ विषयाच्या जराशी बाजूची आहे, पण मला ती फार विलक्षण वाटते. कोलोरॅडोच्या सान लुइस खोऱ्यातल्या स्पॅनिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबांत ब्रॅका-१ मधला असा एक बिघाड सापडला, जो एरवी पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांत आढळतो. स्पेनमध्ये छळापोटी धर्म बदललेले ज्यू मेक्सिकोमार्गे तिथवर आले होते, आणि वंशजांना त्याचा पत्ता नव्हता. हाच बिघाड भारतातल्या काही घराण्यांतही नोंदला गेला आहे. ‘कृष्णवर्णीय’, ‘लॅटिनो’, ‘आशियाई’ हे फॉर्मवरचे चौकोन किती ढोबळ आहेत, ते अशा वेळी कळतं. बहामाज बेटांवर तर स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांपैकी २३ टक्के जणींत ब्रॅका-१ चे मोजकेच काही बिघाड आढळले. मायामीतली एखादी बाई मूळ बहामाजची आहे की हैतीची, हे विचारल्याशिवाय तिच्या धोक्याबद्दल काय सांगणार?

आणि मग तो रिपोर्ट, ज्याचा मला सर्वांत जास्त कंटाळा आहे. जनुकात बदल दिसतो, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई रुग्णांना असं अनिश्चित उत्तर जास्त वेळा मिळतं. कारण साधं आहे. बदल निरुपद्रवी ठरवायला तो हजारो निरोगी माणसांत पाहिलेला असावा लागतो, आणि आपले जनुकीय माहितीचे साठे युरोपीय वंशाच्या माणसांनी भरलेले आहेत. २०१६ मध्ये एका पाहणीत जनुकीय संशोधनात सहभागी झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे निघाले होते. आफ्रिकन वंशाचे ३ टक्के, लॅटिनो एक टक्काही नाहीत. शिकागोजवळच्या नेपरव्हिल आणि शॉमबर्गच्या मराठी बायका माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्याही रिपोर्टवर हेच असतं. त्यांच्याकडे कंपनीचा विमा असतो, इंग्रजी असतं, नवऱ्याने इंटरनेटवरून काढलेले शोधनिबंध असतात, तरीही. आपल्या घरांत मावशीच्या आजाराचं नाव मोठ्याने घेत नाहीत, तिथे आमचा आराखडा पुन्हा प्रश्नचिन्हांनी भरतो. खारघरला टाटा मेमोरियलच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये डॉ. राजीव सरीन यांनी कॅन्सर जनुकशास्त्राचा विभाग उभा केला. भारतीय घराण्यांची नोंद तिथे होते, तिचा उपयोग शिकागोत बसलेल्या मला होतो. पण इलिनॉयमधल्या मराठी बाईकडे दार ठोठावण्याचं बळ असतं, हा फरक विसरून मी दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालणार नाही.

अनिश्चित उत्तरावर कोणतंही ऑपरेशन करू नये, हा नियम आहे. मी तो समजावते, पुढे त्या बदलाचं वर्गीकरण ठरलं की प्रयोगशाळा कळवेल असं सांगते. मधल्या काळात पत्ता बदलतो, फोन बदलतो, विमा जातो. कळवलेलं पत्र परत येतं.

आता ही चाचणी नुसत्या सावधगिरीची राहिलेली नाही, म्हणून हे सगळं जास्त टोचतं. ओलापारिब नावाची गोळी आहे. ब्रॅकामध्ये बिघाड असलेल्या, कॅन्सर परत येण्याचा धोका जास्त असलेल्या बायकांनी केमोनंतर वर्षभर ती घेतली, तर जगण्याची शक्यता वाढते. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत तिला या वापरासाठी मंजुरी मिळाली. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी ती २०२० पासून आहे, आणि प्रोस्टेट कॅन्सरने मरणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट आहे. चाचणी झाली नाही तर हे औषध डॉक्टरच्या यादीत येतच नाही. पुरुष तर या सगळ्यात कुठेच नसतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी टीव्हीवर येऊन सांगितलं की आपल्याला स्तनाचा कॅन्सर झाला आहे आणि ब्रॅका-२ मध्ये बिघाड आहे. त्याबद्दल साउथ साइडच्या न्हाव्याच्या दुकानांत बोललं गेलं, हे मला रुग्णांकडूनच कळलं. जोलीच्या लेखाने जे तिथे घडलं नव्हतं, ते या मुलाखतीने थोडंफार घडलं.

माझ्या मते उपाय विचारणाऱ्याच्या आठवणीवर सोडू नये. २०१९ मध्ये स्तनाच्या सर्जनांच्या संघटनेने म्हटलं की स्तनाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकीपुढे ही चाचणी ठेवा. कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार स्तनाच्या कॅन्सरचं निदान वयाच्या ६५ वर्षांपर्यंत झालं असेल तर ब्रॅका चाचणी सर्वांना देऊ करायची. घराण्याचा तक्ता भरलेला असो की रिकामा. असा सरसकट नियम आला की ‘ही करेल का, हिला परवडेल का, हिला समजेल का’ हे डॉक्टरच्या मनातल्या मनात चालणारं गणितच संपतं. काही सहकाऱ्यांना वाटतं, समुपदेशनाशिवाय चाचणी करणं धोक्याचं आहे. मला ते पटत नाही. या देशातले समुपदेशक नव्वद टक्के गोरे आहेत आणि संख्येने अपुरे आहेत. म्हाताऱ्यांचा मेडिकेअर विमा आमची फी स्वतंत्रपणे देत नाही. माझ्या तारखेसाठी थांबण्यात आठवडे घालवण्यापेक्षा सर्जनच्या खोलीतच थुंकीची नळी भरली जावी आणि निकाल आला की मी सावकाश बसावं, हे बरं. कॅलिफोर्नियात ‘तू इस्तोरिया क्वेन्ता’ (तुझी कहाणी मोलाची आहे) या उपक्रमात वस्तीतल्याच ‘प्रोमोतोरा’ बायका स्पॅनिशमधून घराण्याचा इतिहास विचारतात. आपल्याकडे आशाताई घरोघर जातात, तशा. तिथे बाई अडत नाही, कारण विचारणारी ओळखीची असते.

मदरच्या रिपोर्टमध्ये ब्रॅका-१ चा बिघाड निघाला. मुलीच्याही. मुलीचं ऑपरेशन झालं, पुढचे उपचार चालू आहेत, इलिनॉयमध्ये तिचा मेडिकेड विमा सगळं भरतो. मदरने चर्चमध्ये उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि पुढच्या पंधरवड्यात त्या चर्चमधून आमच्याकडे फोन आले. मिसिसिपीतल्या भाच्यांना मी तिच्या नावाने साध्या भाषेत पत्र लिहून दिलं. आमची प्रयोगशाळा ठराविक मुदतीत जवळच्या नातेवाइकांची तोच बिघाड शोधणारी चाचणी फुकट करते. एक भाची नर्सिंग होममध्ये काम करते, तिने तिथल्या डॉक्टरकडून कागदावर सही घेतली आणि नमुना पाठवला. दुसरी कोंबड्यांच्या कारखान्यात आहे. मिसिसिपीने जास्त लोकांना सामावून घेण्यासाठी मेडिकेडचा विस्तार केलेला नाही, त्यामुळे तिला विमा नाही, आणि विमा नाही म्हणून नेहमीचा डॉक्टरही नाही. चाचणी फुकट आहे, पण ती लिहून द्यायला कोणी नाही. उद्या बिघाड निघालाच, तर दर वर्षीच्या एमआरआयचे पैसे कोण देणार, हे तिने मला फोनवर विचारलं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. क्लार्क्सडेलजवळच्या एका सामुदायिक आरोग्य केंद्राशी बोलणं चालू आहे. तिथली नर्स म्हणाली, डॉक्टर मंगळवारी असतात, पण भाचीची कारखान्यातली कामाची पाळी मंगळवारीच असते. मुदत संपायच्या आत तिला एक मंगळवार सुट्टी मिळावी म्हणून कारखान्याच्या ऑफिसला द्यायचं पत्र मी काल लिहिलं आहे. त्यात कॅन्सर किंवा जनुक असा शब्द कुठेही येऊ दिलेला नाही.